उलटा वर्ग : धडा घरी, अभ्यास शाळेत



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी मी ‘आमच्या गावची दिवाळी’ लिहून आणली होती. गुरुजी म्हणाले, दिवाळीवर आधीच चौघांनी लिहिले आहे, तू उलट्या वर्गावर लिही. शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची सभा आहे. मराठीचा उलटा वर्ग पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, हे त्या सभेत ठरणार आहे. सभेला येणारी मंडळी सभा सुरू होईपर्यंत व्हरांड्यात उभी राहून भित्तिपत्रक वाचतात, हे मी पाहिलेले आहे. तेव्हा आधी इथे वाचून घ्यावे आणि मग आत जाऊन बोलावे. म्हणजे तुमची सभासुद्धा उलटीच झाली म्हणायची!

नाव ऐकून कोणी घाबरू नये. आमच्या वर्गात सतरंज्या सरळच अंथरलेल्या असतात आणि फळाही सरळ आहे. इंग्रजीत याला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. गुरुजींनी त्याचे साधे मराठी नाव ठेवले, उलटा वर्ग. आमच्या शाळेत पहिली ते सातवी आहे. उलटा वर्ग आधी सहावीत सुरू झाला. माझी ताई सहावीत आहे, म्हणून मला तेव्हापासून थोडे थोडे माहीत होते. दिवाळीनंतर तो आमच्या चौथीतही आला, फक्त मराठी विषयाला.

आता उलटे काय आहे ते सांगते. आधी मराठीचा तास असा असे. गुरुजी धडा मोठ्याने वाचत, आम्ही पुस्तकात बोट ठेवून पाहत असू. मग गुरुजी कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून देत, ते आम्ही वहीत उतरवून घेत असू. तोवर घंटा होई. स्वाध्याय घरी. आता विचार करा. ऐकणे आणि उतरवणे हे सोपे काम. ते शाळेत होई, गुरुजी समोर असताना. आणि स्वतःच्या शब्दांत लिहिणे हे अवघड काम. ते घरी होई, जिथे विचारायला कोणी नाही. माझी माय सातवी शिकलेली आहे, पण ती दिवसभर वावरात कापूस वेचून येते आणि आल्यावर चूल पेटवते. आजीला अक्षरओळख नाही. बाबांना विचारले तर ते म्हणतात, “तुह्या गुरुजीले इचार.” मग पुष्कळ घरी काय होत असे? गाईड उघडायचे आणि उतरवायचे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध आमच्या वर्गात सतरा वह्यांत सारखाच निघाला होता आणि त्यात समुद्राच्या लाटा होत्या. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात समुद्र कोठून आला? गुरुजी हसले, पण नंतर बराच वेळ गप्प बसले.

उलट्या वर्गात ही दोन कामे एकमेकांची जागा घेतात. धड्याची पहिली ओळख घरी करायची. गुरुजी सहा-सात मिनिटांचे बोलणे मोबाईलवर भरून पालकांच्या गटावर पाठवतात. त्यात धडा वाचलेला असतो आणि दोन-तीन शब्द समजावलेले असतात. ते ऐकायचे, पुस्तकात पाहायचे आणि प्रश्नवहीत दोनच ओळी लिहायच्या. एक, मला काय समजले. दुसरी, मला काय समजले नाही. बस, इतकाच गृहपाठ. अवघड काम मग शाळेत, सर्वांनी मिळून, गुरुजी जवळ असताना.

माझ्या आबाजींनी हे ऐकले आणि लगेच म्हणाले, “मंग मास्तर पगार कायचा घेते?” गावात पुष्कळ जण असेच म्हणतात, म्हणून मी ते इथे लिहिले. मी आबाजींना म्हटले, तुमच्या भजनी मंडळात कसे असते? नवीन अभंगाची चाल प्रत्येक जण घरीच ऐकून येतो. मंदिरात जमल्यावर चाल शिकत बसत नाहीत. तिथे टाळ, पेटी आणि सगळ्यांचे आवाज एकत्र बसवायचे असतात, ते घरी एकट्याने होत नाही. आणि बुवा काय फुकट बसलेले असतात? चुकला तो टाळ त्यांनाच ऐकू येतो. आबाजी म्हणाले, “हे बाकी बरोबर हाय.” पण पगाराचे त्यांनी मागे घेतले नाही.

खरे पाहता उलट्या वर्गात गुरुजींचे काम वाढले आहे. पूर्वी ते एका जागी उभे राहून बोलत. आता ते या सतरंजीवरून त्या सतरंजीवर फिरतात, मांडी घालून शेजारी बसतात आणि वहीतली एकेक ओळ वाचतात. तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांच्या प्रश्नवह्या पाहून होतात. जे पुष्कळांना समजले नाही ते फळ्यावर जाते. जे सगळ्यांना समजले त्यावर वेळ घालवत नाहीत. पूर्वी समजलेलेही पुन्हा सांगत, कारण कोणाला काय समजले हे कळायला मार्गच नव्हता.

एका तासाची गोष्ट सविस्तर सांगते, म्हणजे वर्गात काय चालते ते दिसेल. गुरुजींनी स्वतः लिहिलेला एक पानभर उतारा दिला होता. एका शेतकऱ्याचा बैल म्हातारा झालेला आहे. मुलगा म्हणतो, आता भाड्याने ट्रॅक्टर मिळतो, बैल विकून टाका. बाप काहीच बोलत नाही. दुसऱ्या दिवशी बाजारचा दिवस. बाप बाजारात जातो, नवी वेसण विकत घेतो आणि घरी येऊन बैलाला घालतो. उतारा इथेच संपतो. आम्ही तो घरी ऐकून आलो होतो.

जुन्या पद्धतीने प्रश्न आले असते : बैल कसा होता? बापाने बाजारातून काय आणले? एका वाक्यात उत्तरे द्या. पण आता ते घरीच झालेले होते. फळ्यावर एकच प्रश्न होता, आणि तो गुरुजींचा नव्हता, आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या वहीतला होता : “बाप बोलत काऊन नाही?” गुरुजींनी ‘काऊन’ तसेच ठेवले आणि शेजारी कंसात ‘का’ लिहिले.

मग आमचे गट पडले. काही म्हणाले, बापाने बैल ठेवायचे ठरवले. गुरुजी म्हणाले, उताऱ्यातले वाक्य दाखवा. त्यांनी वेसणीचे वाक्य दाखवले. बैल विकायचाच असता तर नव्या वेसणीवर पैसे कोण घालेल? मला ते पटले. पण दुसऱ्या गटातली एक मुलगी म्हणाली, “माझ्या मामानं बैल विकला तेव्हा त्याले सजवूनच नेला होता. नवी वेसण घातली का भाव चांगला येते.” सगळा वर्ग थांबला. आता काय करायचे? मग आम्ही उतारा पुन्हा वाचला. बाप बाजारात गेला तेव्हा बैल बरोबर नेला नव्हता, असे कोणाच्या तरी लक्षात आले. विकायचा असता तर त्याच दिवशी नेला असता. तरी त्या मुलीने ऐकले नाही. ती म्हणाली, भाव विचारायला आधी माणूस एकटाच जातो. गुरुजींनी कोणालाही चूक म्हटले नाही. म्हणाले, आता प्रत्येकाने पाच ओळी लिहा, माझे मत काय आणि ते कोणत्या वाक्यावरून. त्या दिवशी कोणाच्याही वहीत दुसऱ्यासारखे उत्तर नव्हते, कारण उतरवायला गाईडच नव्हते.

मला तर वाटते की बाप बोलत नाही कारण त्याला बोलले तर रडू येईल. पण याला उताऱ्यात वाक्य सापडले नाही, म्हणून मी ते वहीत शेवटी लिहिले.

ज्या मुलाचा तो प्रश्न होता तो कोलाम पोडावरून येतो. त्याच्या घरी कोलामी बोलतात. कोलामी भाषा मराठीसारखी नाही. ती तेलुगू, गोंडी, कन्नड यांच्या कुळातली आहे, असे गुरुजींनी सांगितले. म्हणजे आपण घरची भाषा घेऊन शाळेत येतो आणि त्याला शाळेत आल्यावर दुसरी भाषा सुरू करावी लागते. गुरुजी वर्गात धडा एकदाच वाचत. त्यात त्याचे चार शब्द सुटले की पुढचे सगळे सुटत असे, आणि पुन्हा सांगा म्हणायला त्याला लाज वाटे. मोबाईलला लाज वाटत नाही. तो म्हणाला, मी तीनदा ऐकले, आणि जिथे समजले नाही तिथे थांबवून आईला विचारले. पहिलीपासून तो आमच्याबरोबर आहे, पण त्याचा प्रश्न फळ्यावर जाण्याची ही पहिली वेळ. उलट्या वर्गाबद्दल मला सर्वांत जास्त हेच सांगायचे होते.

आता ही पद्धत कोठून आली ते थोडे सांगते. अमेरिकेत कोलोरॅडो नावाच्या राज्यात वुडलँड पार्क हे डोंगरातले लहान गाव आहे. तिथल्या हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे दोन शिक्षक रसायनशास्त्र शिकवत. तिथली मुले खेळांच्या सामन्यांसाठी लांब जात आणि त्यांचे तास बुडत. म्हणून २००७ साली या दोघांनी आपले शिकवणे चित्रफितीत भरून ठेवायला सुरुवात केली. मग त्यांच्या लक्षात आले की न बुडवणारी मुलेही ते घरी पाहतात. तर मग वर्गात तेच पुन्हा कशाला सांगायचे? त्यांनी वर्गातला वेळ प्रयोग आणि उदाहरणे सोडवायला ठेवला. त्याच्याही आधी, १९९१ पासून, हार्वर्ड विद्यापीठातले एरिक माझूर हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक मुलांना आधी वाचून यायला सांगत आणि वर्गात शेजाऱ्याशी चर्चा करून उत्तर शोधायला लावत. त्यांना व्हिडिओ लागला नाही, पुस्तक पुरले. हे मला महत्त्वाचे वाटते, कारण आपल्या गावात लाईन केव्हा जाईल ते सांगता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही शोधायला लांब जावे लागत नाही. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी हे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली आले. तिथल्या पुष्कळ मुलांची घरची भाषा कन्नड होती. त्यांनी कन्नड शिकून घेतली, पुस्तके मुलांच्या भाषेत आणली आणि पुस्तकांत क्यूआर कोड लावले. क्यूआर कोड म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. मोबाईल त्यावर धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो, गोष्ट किंवा स्वाध्याय उघडतो. हा चौकोन १९९४ साली जपानमध्ये मोटारीच्या कारखान्यात सुटे भाग मोजायला काढला होता! तो मराठीच्या पुस्तकात येऊन बसेल असे तिथे कोणाला वाटले असेल का? डिसले गुरुजींना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइज’ हा जगातला मोठा पुरस्कार मिळाला. रक्कम होती दहा लाख डॉलर. त्यातली अर्धी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे चौकोन आले. आपल्या बालभारतीच्या पुस्तकात ते शोधा. ‘दीक्षा’ नावाच्या ॲपवर ते उघडतात. हे ॲप २०१७ साली सुरू झाले.

काही पालक म्हणतात, हे तर कोरोनातच करून पाहिले, पोरांना काही आले नाही. ते खरे आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी अंगणवाडीतही नीट जात नव्हते, पण ताईची पहिली त्यातच गेली. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ हा कार्यक्रम लागे, तो ती पाही. तिला तो आवडे. पण तेव्हा घरचे अर्धे होते आणि शाळेचे अर्धे नव्हते. ऐकले, पाहिले, आणि मग कुठे जायचे? कोणाशी बोलायचे? कोण वही पाहणार? ताई दुसरीच्या शेवटीसुद्धा जोडाक्षरे अडखळत वाचत असे. म्हणून कोरोनातली शाळा म्हणजे उलटा वर्ग नव्हे. उलट्या वर्गात मोबाईल हे दार आहे, घर शाळाच आहे.

आता व्याकरणाचे सांगते, कारण पालक विचारतात की व्याकरण कधी होते. विरामचिन्हे आम्ही घरी ऐकून आलो : पूर्णविराम कोठे, स्वल्पविराम कोठे. वर्गात गुरुजींनी फळ्यावर फक्त तीन शब्द लिहिले : आई बाबा आले. आणि विचारले, घरी कोण आले? अर्धा वर्ग म्हणाला, दोघेही आले. अर्धा म्हणाला, आईला कोणीतरी सांगत आहे की बाबा आले. मग गुरुजींनी आईनंतर एक स्वल्पविराम दिला आणि एका क्षणात आई घरात बसली आणि बाबाच दारात उभे राहिले. खूप हशा झाला. नंतर आम्ही तशी वाक्ये स्वतः तयार केली. ‘गुरुजी मुले आली’ हे माझे.

वऱ्हाडीवरून तर एक पूर्ण तास भांडण झाले. गोष्ट लिहिताना ‘मले’, ‘तुले’, ‘पोट्टा’ लिहायचे की ‘मला’, ‘तुला’, ‘मुलगा’? एक जण म्हणाला, परीक्षेत गुण कापतात. दुसरा म्हणाला, माझी आजी ‘मला’ म्हणतच नाही, मग गोष्टीतली आजी कशी म्हणेल? शेवटी असे ठरले की सांगणाऱ्याचे लिहिणे पुस्तकी ठेवायचे आणि गोष्टीतली माणसे जशी बोलतात तशी बोलू द्यायची. या लेखातही मी तसेच केले आहे, ते तुमच्या लक्षात आले असेल.

सहावीत मुलाखत लिहायला होती. मुलाखतीचे प्रश्न कसे विचारायचे ते मुले घरी ऐकून आली. वर्गात त्यांनी प्रश्न तयार केले. पहिल्या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’ अशीच येतील, हे गुरुजींनी दाखवले, मग ते बदलले. नंतर हापसी दुरुस्त करणारे काका शाळेत आले होते त्यांची मुलाखत घेतली. ताईने ती तीन वेळा लिहिली, तिन्ही वेळा शाळेतच. पहिल्या वेळी तिने लिहिले होते, ‘काका खूप मेहनती आहेत.’ गुरुजींनी विचारले, तुला कसे कळले? तिसऱ्या वेळी तिने लिहिले की काकांच्या उजव्या हाताच्या तळव्यावर पान्याचा घट्टा पडलेला आहे आणि ते डाव्या हाताने चहा पितात. ती मुलाखत मागच्या महिन्यात इथेच, याच फळ्यावर लागली होती. ज्यांनी वाचली त्यांना आठवेल. असे लिहिणे घरी एकट्याने झाले असते का? ताई स्वतः म्हणते, नसते झाले.

आता अडचणींकडे येते. त्या लपवून उपयोग नाही, सभेत त्या निघणारच.

आमच्या वर्गात २३ मुले आहेत. २० घरी मोबाईल आहे, पण त्यातले पुष्कळ मोबाईल बाबांबरोबर वावरात जातात आणि दिवेलागणीनंतर घरी येतात. तेव्हा बाबांना फोन करायचे असतात, आणि आम्हाला झोप येते. तीन घरी असा मोबाईलच नाही. एका घरी आहे, पण रिचार्ज संपला की महिनाभर तसाच. शिवाय माझी माय म्हणते, “मोबाईल हाती देला का पोट्टे गेमच खेळते.” हेही खोटे नाही.

यावर काय केले ते सांगते. पहिली गोष्ट, गुरुजी आता व्हिडिओ पाठवत नाहीत, नुसता आवाज पाठवतात. त्याला नेट फार कमी लागते आणि त्यात पाहायला काही नसल्याने गेमकडे बोट जात नाही. दुसरी गोष्ट, चार-पाच घरांचा एक गट केला आहे. आमचा गट आमच्या ओट्यावर बसतो. मोबाईल आजीच्या मांडीवर राहतो, कोणाच्या हातात देत नाही. याचा एक फायदा झाला जो कोणी ठरवला नव्हता. आजीही ऐकते. म्हाताऱ्या बैलाच्या गोष्टीनंतर तिने आम्हालाच विचारले, “त्या पोरानं मंग बापाले इचारलं का नाही?” दुसऱ्या दिवशी मी तो प्रश्न वर्गात नेला. अक्षर न येणाऱ्या आजीचा प्रश्न चौथीच्या फळ्यावर लागला. घरी येऊन सांगितले तर ती लाजली आणि पदर तोंडाला लावला.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माझी एक मैत्रीण सध्या संध्याकाळी मायबरोबर उशिरा घरी येते, कारण कापसाचा हंगाम आहे. शाळा सुटली की ती थेट वावरात जाते. तिच्या घरी मोबाईल नाही आणि गटात बसायला वेळ नाही. तिच्यासारख्यांसाठी गुरुजी परिपाठाच्या अर्धा तास आधी वर्ग उघडतात. तिथे बसून ऐकायचे किंवा नुसता धडा वाचायचा. म्हणजे ‘घरी’ याचा अर्थ घरीच असा नाही. तासाच्या आधी, इतकाच अर्थ आहे. पण गुरुजींची एस.टी. उशिरा आली की तेही होत नाही, आणि त्या दिवशी ती वर्गात गप्प बसते. मी पाहिले आहे.

गुरुजींनी आम्हाला एक गोष्ट सांगितली, ती मी मुद्दाम लिहिते, कारण ती उलट्या वर्गाच्या विरुद्ध आहे. अमेरिकेत वेस्ट पॉइंट नावाचे मोठे सैनिकी विद्यालय आहे. तिथे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वर्ग निवडून काहींना उलट्या पद्धतीने शिकवले आणि काहींना नेहमीच्या. गणितात उलट्या वर्गांना थोडा फायदा झाला, पण तो पुढे टिकला नाही. अर्थशास्त्रात तर फरकच पडला नाही. आणि जे विद्यार्थी आधीच पुढे होते त्यांनाच जास्त फायदा झाला, मागच्यांतले आणि त्यांच्यातले अंतर वाढले. ती मोठी मुले होती, आणि ते गणित होते, मराठी नव्हे. तरी हे ऐकून मला माझी मैत्रीण आठवली. पोडावरचा मुलगा पुढे आला, पण ती मागे राहिली तर काय उपयोग?

म्हणून शनिवारच्या सभेसाठी आम्ही चौथीच्या मुलांनी मिळून काही मागणे लिहिले आहे. समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे, तेव्हा हे मागणे तुमच्याकडेच आहे. उलटा वर्ग बंद करू नये. पण सकाळचा अर्धा तास गुरुजींच्या एस.टी.वर अवलंबून राहू नये. शाळेजवळ राहणाऱ्या कोणा काका-काकूंकडे वर्गाची किल्ली ठेवावी. शाळेला एक साधा स्पीकर घ्यावा, ज्यात धडे भरून ठेवता येतील आणि जो नेट नसतानाही चालेल. त्याला बॅटरी असावी, कारण सकाळी लाईन असतेच असे नाही. आणि ज्यांच्या घरी मोबाईल आहे त्यांनी गटाच्या दिवशी तो अर्धा तास कोणा मोठ्या माणसाच्या मांडीवर ठेवावा. आजी-आबाजी असतील तर फारच चांगले.

एक मागणे माझ्या मैत्रिणीने स्वतः सांगितले, मी फक्त लिहून घेतले : “कापूस सरेपर्यंत सोमवारचा धडा शनिवारीच सांगावा, मंग मले रविवारी दुपारी आयकता येते.”

येत्या सोमवारचा धडा पत्रलेखनाचा आहे. ग्रामपंचायतीला अर्ज कसा लिहायचा ते गुरुजी शनिवारी दुपारी पाठवणार आहेत. ज्यांना मोबाईल मिळणार नाही त्यांनी रविवारी चार वाजता आमच्या ओट्यावर यावे. पाटी-पेन्सिल आणू नये, प्रश्नवही आणावी. ज्या पालकांना ऐकायचे असेल त्यांनीही यावे, चटई आमच्याकडे आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी,
जि. प. उच्च प्राथमिक शाळा, ता. घाटंजी, जि. यवतमाळ